बैलाचा खूर, अजगराचे पाय आणि ‘सॉनिक’ नावाचं जनुक

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, अल्लीपुरात बैल धुतले जातात. हिंगणघाट तालुक्यातलं हे गाव, कापूस-तूर-सोयाबीनचा मुलूख, आणि गवळाऊ ही देखणी पांढरी जात तर वर्धा जिल्ह्याची खास ओळख. त्या दिवशी बैलाचा पाय हातात येईल तेव्हा खूर जरा निरखून पाहा. पुढे दोन मोठ्या खुऱ्या, मधे फट. मागच्या बाजूला थोडं वर, जमिनीला न टेकणाऱ्या दोन छोट्या खुऱ्या. पुढच्या दोन म्हणजे आपल्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका. मागच्या दोन म्हणजे तर्जनी आणि करंगळी. अंगठा गायब!

हा हिशेब बैलाच्या गर्भातच ठरतो, आणि तो ठरवणाऱ्यांत एक रेणू फार मोठा मानकरी आहे. त्याचं नाव ‘सॉनिक हेजहॉग’. तोच तुमच्या हाताला पाच बोटं देतो, तोच दोन डोळे वेगळे करतो, तोच केसांच्या मुळाशी आणि जिभेवरच्या चवीशी राबतो. आणि बिथरला तर कर्करोगही करतो. एकाच निरोप्याची इतकी कामं वाचून मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. त्याच्या या काही गोष्टी, जमतील तशा सांगतो.

केळ्यावरचं चिलट आणि नोबेल

पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारं चिलट आपण हाताने हाकलतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक व्हीशाउस या दोघांनी त्याच चिलटांच्या हजारो अळ्या तपासल्या. दोन जणांना एकाच वेळी पाहता येईल असा जोडडोळ्यांचा सूक्ष्मदर्शक मधे ठेवायचा आणि समोरासमोर बसून एकेक अळी न्याहाळायची. जनुक बिघडवल्यावर अळीच्या अंगाची आखणी कुठे चुकते, एवढाच शोध.

निरोगी अळीच्या अंगावर वळ्या असतात. प्रत्येक वळीचा पुढचा पट्टा बारीक काट्यांचा, मागचा गुळगुळीत. एका बिघाडात गुळगुळीत पट्टे नाहीसेच झाले. अळी आखूड, बुटकी आणि अंगभर काटे. म्हणून त्या जनुकाला नाव मिळालं हेजहॉग. हेजहॉग म्हणजे आपल्या रानातली सायाळ नव्हे बरं का. सायाळ उंदराच्या कुळातली आणि अंगाने थोराड. हेजहॉग लहानसा, किडे खाणारा, भ्याला की अंग आखडून काट्यांचा गोळा होणारा. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर तो आढळतो.

हा शोधनिबंध १९८० साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात अशी पंधरा जनुकं होती. १९९५ साली दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत वैद्यकाचं नोबेल मिळालं. चिलटाच्या अळीवरून!

व्हिडिओ गेममधून आलेलं बारसं

१९९३ साली कळलं की चिलटातलं हे जनुक कोंबडीत, उंदरात आणि माशातही आहे. पुढे ते माणसातही सापडलं. आपल्यात तर एक नाही, तीन. पहिल्या दोघांना खऱ्याखुऱ्या हेजहॉगच्या जातींची नावं मिळाली: डेझर्ट हेजहॉग आणि इंडियन हेजहॉग. होय, आपल्या देशाचं नाव जगातल्या प्रत्येक माणसाच्या जनुकात आहे!

तिसऱ्याच्या वेळी अमेरिकेतल्या क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट रिडल यांनी सेगा कंपनीच्या गेममधला सुसाट धावणारा निळा सॉनिक निवडला. गेम १९९१ चा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. झेब्रा माशातल्या एका जनुकाला तर बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या बालकथेतल्या टिगीविंकल बाईंचं नाव दिलं. पुढे २००९ साली सॉनिकला रोखणारं एक रसायन सापडलं. त्याचं नाव रोबोटनिकिनिन, कारण गेममधला सॉनिकचा वैरी डॉक्टर रोबोटनिक.

डॉक्टरांना मात्र हे बारसं पुढे अवघड गेलं. बाळाला गंभीर व्यंग आहे हे आईबापांना सांगताना गेममधल्या पात्राचं नाव घ्यायचं कसं? म्हणून काही डॉक्टर फक्त ‘एसएचएच’ म्हणतात. मला ते योग्यच वाटतं. प्रयोगशाळेतली गंमत प्रयोगशाळेत शोभते.

दावं, बैल आणि निरोप

हा निरोप पोचतो कसा? पेशीच्या आवरणात ‘पॅच्ड’ नावाचं प्रथिन असतं, आणि ‘स्मूदन्ड’ नावाचं दुसरं. पॅच्ड हे दावं, स्मूदन्ड हा बैल. एरवी दावं घट्ट, बैल जागेवर. हेजहॉग येऊन पॅच्डला धरतो, दावं सैल होतं आणि स्मूदन्ड मोकळा सुटतो. मग ‘ग्ली’ नावाची प्रथिनं पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकं चालू करतात: वाढ, वाटण्या कर, अमुक अवयव हो.

बारकावा असा की पेशीपेशीला मिळणारा निरोप सारखा नसतो. हेजहॉग जिथे तयार होतो तिथे तो दाट, लांब जावं तसा विरळ. किती मिळाला आणि किती वेळ मिळाला, यावरून पेशी ठरवते की आपण कोण व्हायचं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असंच होतं. जास्त निरोप मिळालेल्या पेशी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी होतात, त्यांच्यापलीकडच्या वेगळ्या.

आणखी एक नवलाची गोष्ट. हेजहॉगच्या अंगाला कोलेस्टेरॉल चिकटलेलं असतं. १९९६ साली हे उघड झालं तेव्हा सगळे चकित झाले, कारण प्रथिनाला असं कोलेस्टेरॉल जोडलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. ज्याच्या नावाने आपण तूप सोडतो, तोच पदार्थ गर्भाची आखणी व्हायला लागतो. ज्या बाळांच्या शरीरात जन्मजात कोलेस्टेरॉल नीट तयार होत नाही, त्यांच्यात जोडलेली बोटं, मेंदूची व्यंगं दिसतात ती काही अंशी याच कारणाने.

एक डोळा: शाप नव्हे, अर्धवट राहिलेला निरोप

महाराष्ट्रात कुठे ना कुठे एकडोळ्या वासराची, करडाची बातमी येते. गर्दी जमते. कुणी हळदकुंकू वाहतं, कुणी अपशकुन म्हणून कपाळाला हात लावतं. ते बिचारं पिल्लू बहुधा तासा-दोन तासांत जातं.

खरी हकिगत अशी. प्रत्येक गर्भात, बैलाच्या आणि माणसाच्याही, डोळे होणाऱ्या पेशींचा सुरुवातीला एकच सलग पट्टा असतो. मधल्या रेषेतून सॉनिकचा निरोप आला की पट्टा मधोमध थांबतो आणि दोन बाजूंना दोन डोळे होतात. निरोप आला नाही तर पट्टा तसाच राहतो, एकच डोळा होतो, मेंदूचेही दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. १९९६ साली उंदरांत सॉनिकचं जनुक पूर्ण बंद करून पाहिलं. पिल्लं एकडोळी झाली.

याची सगळ्यात रंगतदार कथा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांची. १९५०च्या दशकात तिथे एकडोळी कोकरं जन्मू लागली. काही कळपांत तर चारांतलं एक. सरकारी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माग काढला. दोषी निघालं डोंगरातलं एक रानरोप, व्हेरॅट्रम कॅलिफोर्निकम. मेंढी गाभण राहिल्यापासून नेमक्या चौदाव्या दिवसाच्या सुमाराला तिने ते खाल्लं तरच कोकरू एकडोळं. आठवडाभर आधी किंवा नंतर खाल्लं तर तसं होत नाही. रोपातल्या विषाला ‘सायक्लोपामिन’ असं नाव मिळालं, ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसावरून. मेंढपाळांना उपाय साधा मिळाला: त्या दिवसांत कळप त्या कुरणात न्यायचा नाही.

विष हेजहॉगचा निरोप अडवतं, हे कळायला १९९८ उजाडलं. पुढे दिसलं की सायक्लोपामिन त्या स्मूदन्डलाच पकडून ठेवतं. निरोप येतो, दावं सैल होतं, पण बैल हलतच नाही. हे रोप आपल्या विदर्भात उगवत नाही, त्यामुळे आपल्या बांधावरच्या गवताला दोष देऊ नका. आपल्याकडच्या पिल्लांत कारण बहुधा जनुकातल्या आकस्मिक बदलाचं किंवा गर्भाच्या त्या नाजूक दिवसांतल्या दुसऱ्या आघाताचं असतं.

माणसात या व्यंगाला ‘होलोप्रोसेन्सेफली’ म्हणतात. साधारण अडीचशे गर्भांत एकाला ते होतं. बहुतेक गर्भ आपोआप पडून जातात, म्हणून जन्मलेल्या बाळांत ते दहा हजारांत एखाद्याला दिसतं. गर्भधारणेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ते घडतं, पुष्कळदा आईला दिवस गेलेत हे कळायच्याही आत. एकाच घरातल्या दोघांत मात्र त्याची तीव्रता फार वेगळी असू शकते. एखाद्या आईला वरच्या जबड्यात समोर दोन दातांऐवजी नेमका मधोमध एकच दात असतो, बाकी ती ठणठणीत. तिच्या बाळाला मात्र गंभीर व्यंग. जाणकार डॉक्टर म्हणूनच बाळाआधी आईबापांचे दात पाहतात. आणि आईचा मधुमेह ताब्यात नसणं हे या व्यंगाचं एक ओळखीचं कारण आहे. ते टाळता येतं.

करंगळीची बाजू

आता आपला हात. गर्भात तो आधी चपट्या उंचवट्यासारखा उगवतो. त्याच्या करंगळीकडच्या कडेला पेशींचा एक ठिपका असतो, आणि तिथून सॉनिक झिरपतो. १९६८ साली सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतल्या गर्भाच्या पंखातला तो ठिपका उचलला आणि विरुद्ध कडेला लावला. पंखाला बोटं दुप्पट आली, आणि तीही आरशात पाहिल्यासारखी उलट-सुलट. तेव्हा ठिपक्यात नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांनी कळलं की तो सॉनिक. सॉनिक बनवणाऱ्या पेशी विरुद्ध कडेला लावल्या की आरशातली बोटं तशीच हजर!

करंगळीला सॉनिक सगळ्यात जास्त, सगळ्यात जास्त वेळ मिळतो. अंगठा एकटाच असा की त्याला सॉनिकची गरजच पडत नाही.

मग जादा बोट येतं कुठून? सॉनिकच्या जनुकाचं बटण त्या जनुकाजवळ नाहीच. ते तब्बल दहा लाख अक्षरांच्या अंतरावर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात दडलेलं आहे. या छोट्याशा तुकड्यात एखादं अक्षर बदललं की सॉनिक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतो आणि अंगठ्याशेजारी जादा बोट फुटतं. अमेरिकेत की वेस्टला लेखक हेमिंग्वे यांच्या घरात राहणारी सहाबोटी मांजरं याच बदलाची. तिथल्या मांजरांपैकी जवळपास निम्म्यांना जादा बोटं आहेत. सिल्की जातीच्या कोंबडीला चारऐवजी पाच बोटं असतात तीही याच तुकड्यातल्या एका अक्षरामुळे. ही सिल्की आतून काळी असते, अगदी आपल्या कडकनाथासारखी, आणि दोघींच्या काळेपणाचं जनुकीय कारणही एकच. पाचवं बोट मात्र सिल्कीचंच.

माणसांत तर उदाहरणं शोधावीच लागत नाहीत. हृतिक रोशन यांच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत आणि त्या हाताने त्यांनी अख्ख्या देशाला नाचवलं. करंगळीच्या बाजूचं जादा बोट त्याहून जास्त आढळतं. ते पुष्कळदा दुसऱ्या जनुकांमुळे येतं, पण त्यांतलं ‘ग्ली-३’ हे याच मार्गावरचं.

बैलाचं काय? २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या शास्त्रज्ञांनी गाईच्या गर्भात पाहिलं. सॉनिक तिथे येतो, पण पॅच्डचं जनुक त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे करंगळीची बाजू आणि अंगठ्याची बाजू असा फरकच राहत नाही. मधली दोन बोटं सारखी, शेजारची दोन खुजी. फटीचा खूर तयार! पोळ्याला ज्या खुरांना आपण हात लावतो ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या छोट्या बदलाचं फळ आहे.

नागपंचमीला एवढं लक्षात ठेवा

सापाला पाय का नाहीत? २०१६ साली याचं उत्तर मिळालं, आणि ते त्याच दूरच्या बटणात होतं. सापांमध्ये ते बटण गंजलेलं आहे. शास्त्रज्ञांनी उंदराचं बटण काढून त्या जागी सापाचं बसवलं. उंदराची पिल्लं जन्मली ती जवळपास बिनपायांची! मग अजगराच्या बटणातली हरवलेली सतरा अक्षरं परत भरली आणि तेच बटण उंदराला लावलं. पाय परत आले.

अजगर विदर्भाच्या जंगलांत आहे. त्याच्या शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे दोन टोकदार काटे असतात, नरात ठळक. ते त्याच्या मागच्या पायांचे अवशेष. अजगराच्या गर्भात पायांची सुरुवात होते, सॉनिक थोडा वेळ उजळतो आणि विझतो. नागात तेवढंही नाही. सर्पमित्राने अजगर सोडवला तर लांबूनच ते काटे दाखवायला सांगा, मुलांना आयुष्यभर लक्षात राहील. अजगराला हात मात्र लावू नका.

डॉल्फिनचं तसंच. गर्भात मागच्या पायांचे कोंब फुटतात, सॉनिक येत नाही, कोंब विरतात.

थोडं चटकन

कोंबडीच्या गर्भात हृदय कोणत्या बाजूला वळायचं हे ठरतं तेव्हा सॉनिक फक्त डाव्या बाजूला चालू असतो. हे १९९५ साली दिसलं.

इंडियन हेजहॉगचं मुख्य काम हाडांचं. मुलांची उंची वाढते ती हाडाच्या टोकाजवळच्या कूर्चेत, आणि तिथली वाढ किती वेगाने व्हावी हे तो सांभाळतो. माणसात मेंडेलच्या नियमाने वारशाने येतं असं अगदी सुरुवातीला दाखवलं गेलेलं एक वैशिष्ट्य म्हणजे आखूड बोटं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या प्रकारच्या आखूड बोटांमागे इंडियन हेजहॉगमधली चूक आहे हे २००१ साली चिनी शास्त्रज्ञांनी शोधलं.

डेझर्ट हेजहॉग वृषणांच्या जडणघडणीत आणि मज्जातंतूंच्या वेष्टनात लागतो.

आणि पेशीच्या पाठीवर उभा राहणारा एक बारीक केस असतो, सिलिया. २००३ पर्यंत बहुतेकांना तो निरुपयोगी अवशेष वाटायचा. मग कळलं की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हेजहॉगचा निरोप ऐकणारा कान हाच. म्हणून सिलिया बिघडलेल्या बाळांना पुष्कळदा सहावं बोट असतं, आणि सोबत कधी हृदयाचं छिद्र, कधी मूत्रपिंडाचा आजार.

दावं तुटलं की

मोठं झाल्यावर हेजहॉगचं काम जवळपास संपतं. तो त्वचा, केस, चव अशा थोड्या जागी राखण करत बसतो. पण पॅच्डचं जनुक तुटलं तर बैल दिवसरात्र मोकळा. पेशी वाढतच राहतात.

त्वचेचा ‘बेसल सेल’ कर्करोग जगात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक, आणि त्याच्या बहुतेक गाठींत हाच मार्ग बिघडलेला असतो. गोऱ्या त्वचेत तो फार, आपल्या सावळ्या त्वचेत कमी. पॅच्डचं एक जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल तर त्याला ‘गोरलिन सिंड्रोम’ म्हणतात. युरोप-अमेरिकेत तो बहुधा त्वचारोगतज्ज्ञाकडे कळतो. आपल्याकडे पुष्कळदा दातांच्या डॉक्टरांकडे, कारण जबड्याच्या हाडात पुन्हा पुन्हा होणाऱ्या पोकळ गाठी हे त्याचं ठळक लक्षण. तळहातावर बारीक खड्डेही दिसतात. जबड्यात अशा दोन-तीन गाठी झालेल्या तरुणाला डॉक्टरांनी तळहात दाखवायला सांगितले, तर ते याच आजाराच्या शोधात असतात.

याच मार्गाला लगाम घालणारं औषध, व्हिसमोडेगिब, जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तेही स्मूदन्डलाच पकडतं, एकडोळ्या कोकरांच्या विषासारखंच. मेंढपाळांचं संकट असं माणसांच्या उपचाराला कामी आलं. औषधाचे दुष्परिणाम वाचले तर हेजहॉगची सगळी नोकरी पाठ होते: केस गळतात, जिभेची चव जाते, पायात गोळे येतात. लहान मुलांना दिलं तर हाडांची वाढ कायमची थांबू शकते, कारण इंडियन हेजहॉगही बंद पडतो. गरोदर बाईला तर हे औषध अजिबात चालत नाही, आणि का ते आता सांगायला नको.

मुलांच्या लहान मेंदूतला ‘मेड्युलोब्लास्टोमा’ हा कर्करोग चार गटांत मोडतो. त्यांतला एक सॉनिक हेजहॉगचा, साधारण एकूण रुग्णांच्या पाव ते तिसरा हिस्सा. कोणता गट हे कळलं तर उपचार किती तीव्र करायचे हे ठरतं. इथे महाराष्ट्राचं नाव अभिमानाने घ्यावं. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने मायक्रो-आरएनए आणि काही जनुकांची पातळी मोजून गट ओळखायची चाचणी उभी केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. मेणात जपून ठेवलेल्या साध्या नमुन्यावरही ती चालते. मोठी यंत्रं नसलेल्या आपल्या रुग्णालयांना अशीच चाचणी हवी होती.

गजकर्णाची गोळी

इट्राकोनॅझोल. हे नाव गावोगावच्या औषध दुकानात ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत गजकर्ण, नायटा इतका चिवट झाला की घराघरात ही कॅप्सूल पोचली. बुरशी मारायची तिची पद्धत ठरलेली. पण २०१० साली फिलिप बीची यांच्या गटाने जुनी मंजूर औषधं चाळणीला लावली आणि दिसलं की इट्राकोनॅझोल हेजहॉगचा मार्गही रोखतं. त्यानंतर बेसल सेल कर्करोगाच्या रुग्णांवर तिच्या चाचण्या झाल्या. स्वस्त, जुनी, सगळ्यांच्या ओळखीची गोळी असं नवं काम करू शकते, हे मला या सगळ्या गोष्टींत फार मोलाचं वाटतं.

त्याच कारणाने एक विनंती. ही गोळी दुकानातून परस्पर आणू नका. गरोदरपणात ती टाळतात. शेजारणीला गुण आला म्हणून दिवस गेलेल्या सुनेला देऊ नका.

आपली माणसं

गर्भाचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. पुणे विद्यापीठातल्या लीला मुल्हेरकर १९५०च्या दशकात एडिनबरोला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर शिकल्या आणि परत येऊन पुण्यात त्यांनी ही विद्या रुजवली. त्यांचे विद्यार्थी सुरेंद्र घासकडबी यांनी आघारकर संशोधन संस्थेत कोंबडीसोबत हायड्राही हाताळला. तोडला तर पुन्हा उगवणारा हा पाण्यातला इवलासा जीव. त्यांच्या गटाने वर्णन केलेल्या हायड्राच्या वाणाला जगभर पुण्याच्या नावाने ओळखतात.

हेजहॉगबद्दल तर एक थेट शोध टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरूच्या केंद्रातला आहे. सत्यजित मेयर (हे आयआयटी मुंबईत शिकलेले) आणि नेहा व्यास यांच्या गटाने २००८ साली ‘सेल’मध्ये दाखवलं की हेजहॉगचे रेणू पेशीच्या आवरणावर अतिसूक्ष्म घोळके करून राहतात. घोळका मोडला तर जवळचा निरोप पोचतो, लांबचा पोचत नाही. प्रयोग पुन्हा त्याच केळ्यावरच्या चिलटावर.

एक मागणं

अल्लीपुरात किंवा तुमच्या गावात कुणाच्या बाळाला सहावं बोट असेल तर त्याला घरी दोरा किंवा केस बांधून पाडू नका. जखम चिघळते, खुंट राहतो, आणि आत हाड असेल तर फार वाईट होतं. बाळ डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा बोट एकटंच असतं आणि निर्धोक असतं, पण एकदा हृदय तपासून घेणं बरं. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, लपवू तर मुळीच नका. पुढच्या तपासाला वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, जिथे सुशीला नायर यांनी १९६९ साली देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं.

लग्नाआधी, मूल हवं असं ठरवताना, साखर तपासून घ्या. मधुमेह असेल तर आधी तो ताब्यात आणा, मग दिवस जाऊ द्या. आणि कुठल्याही बाळाला व्यंग असलं तर आईला बोल लावू नका. ग्रहण पाहिलं, विळा हातात घेतला, दृष्ट लागली, यातलं काहीही त्याचं कारण नाही. एवढं शेजारच्या घरात आजच सांगा.